छावणीतले दोन कॅन

टपावर जादा पेट्रोल न्यायचं असेल तर कॅन कधी गळ्यापर्यंत भरू नये. चार बोटं जागा सोडावी. आमचं उयुनी गाव आधीच उंचावर, तिथून दक्षिणेला लिपेसच्या डोंगराळ मुलखाच्या वाटेला लागलं की गाडी आणखी चढतच जाते. हवा विरळ होते, वरून ऊन लागतं, आणि कॅन मेलेल्या मेंढीच्या पोटासारखा टम्म फुगतो. हे मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगते. एकोणीस वर्षं जीप चालवतेय त्या वाटेवर. आणि त्या दिवशी मीच कॅन गळ्यापर्यंत भरला होता.

जेवणं झालीत ना सगळ्या पाहुण्यांची? मग शेगडीजवळ सरका. जेवायच्या आधी मी हे सांगत नाही.

काम साधंच होतं. पुकाकांचा गावच्या शाळेला पिठाची चार पोती आणि खडूंची खोकी पोचवायची, तिथे रात्र काढायची आणि परत यायचं. सोबत माझा नवरा अंसेल्मो. गाडी मी चालवते, ती चालत राहील हे तो बघतो. त्या दिवसांत पेट्रोलची मारामार होती. दीड दिवस रांगेत उभं राहून आमचा नंबर लागला, तेव्हा टाकी भरून घेतली, दोन कॅन पुढे केले आणि पंपावरच्या पोराला म्हटलं, भर काठोकाठ.

"प्रिमी, चार बोटं," अंसेल्मो म्हणाला.

"गप रे. चार बोटं म्हणजे लिटरभर. परत दीड दिवस तू उभा राहणार आहेस का?"

"मी कशाला राहू? तू राहा. उभी राहून राहून वाळली आहेस नुसती. तुला बघून चरबीकाढ्यासुद्धा हात जोडेल."

चरबीकाढ्याच्या गोष्टी आमच्याकडे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेल्या असतात. वाटेवर झोपलेल्या माणसाच्या कुशीतून तो चरबी काढून नेतो, जखमसुद्धा दिसत नाही, आणि माणूस पंधरा दिवसांत खंगून मरतो. पोरं ऐकेनाशी झाली की आया त्याचं नाव घेतात. मोठी माणसं असे विनोद करतात.

आम्ही निघालो. जाताना एक कॅन टाकीत रिकामा केला. दुसरा टपावर ताडपत्रीखाली, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेला होता. तो परतीचा.

सकाळी निघायच्या वेळी शाळेच्या दारात बायका जमलेल्या दिसल्या. आतमध्ये नोएलिया बाई पडल्या होत्या. त्या तिथल्या शिक्षिका, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, आठवा संपत आलेला, नवरा दूर खाणीत कामाला. पहाटेपासून अंगावरून रक्त जात होतं. गावची म्हातारी सुईण हात पुसत बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मूल आडवं आहे गं. हे माझ्या हातचं राहिलं नाही. संध्याकाळच्या आत दवाखान्यात ने. नाहीतर दोघं जातील."

मागची सीट काढून आम्ही गादी टाकली. अंसेल्मो बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसला. बाई मोठ्या धीराच्या. म्हणाल्या, "प्रिमितिवाताई, हळू घ्या हं... नाही, जोरात घ्या. काय सांगू, मलाच कळत नाहीये."

दोन तास बरे गेले. त्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी मातीच्या वळ्या पाडलेल्या असतात. हळू गेलं तर गाडी दात वाजवते, जोरात गेलं तर वरून तरंगत जाते. मी जोरात घेत होते. मग मला वास आला. आधी वाटलं आपल्याच हातांना येतोय. मग मागच्या काचेवरून एक ओघळ खाली आला, उन्हात इंद्रधनुष्यासारखा चमकत.

गाडी थांबवून टपावर चढले. ताडपत्री चिंब. कॅन फुगून फुगून शिवणीत उकलला होता. वीस लिटरमधलं कपभर राहिलं होतं तळाशी. बाकी सगळं टपावर, पावाच्या पिशवीत, आणि मागे तीस कोसांच्या धुळीत.

अंसेल्मो खाली उभा राहून बघत होता.  एखादी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं मला.

टाकीत साठ-सत्तर किलोमीटरपुरतं होतं. उयुनी दीडशेच्या वर. त्या वाटेवर दुसरी गाडी दोन दिवसांतून एकदा. फोनला रेंज नाही. आतून बाईंचं कण्हणं ऐकू येत होतं, एकसारखं, बारीक.

"तो बघ, धूर," अंसेल्मो म्हणाला.

पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी जुनी गंधकाच्या खाणीची छावणी आहे. कंपनी गेली तेव्हापासून तिथे कुणी थांबत नाही, थांबण्यासारखं काही नाहीच. पण धूर होता. पांढरा नाही, पिवळटसर, जड. वर न जाता जमिनीवरूनच पसरत होता.

"तिथे कोण असणार?"

"धूर आहे म्हणजे माणूस आहे. माणूस आहे म्हणजे गाडी असेल. चल."

गंधकाचा वास आम्हाला नवा नाही. नासक्या अंड्यांचा. पण छावणीजवळ गेलो तशी त्याच्याखालून दुसरी घाण यायला लागली. महिनोन् महिने न बदललेल्या तेलात मांस तळावं, तशी. ती नाकात नाही, घशात जाऊन बसायची. बिनछपराच्या खोल्यांच्या रांगा होत्या, आणि टोकाला पत्र्याची एक लांब शेड. शेडसमोरची जमीन काळी, चिकट. गाडीतून उतरले तर बूट उचलताना चप् चप् आवाज व्हायला लागला. भर दुपारी बाराला, पाणी गोठलेल्या डोंगरात, ती जमीन मऊ होती.

दारातून एक माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, जाडजूड. तुम्ही आमच्याकडची माणसं बघितलीत. वारा आणि थंडी आमच्या गालांची सालटं काढतात. याचे गाल गुळगुळीत, गुलाबी, तूप लावल्यासारखे. हात पुसायचं फडकंसुद्धा चकाकत होतं. त्यानं अदबीनं हात पुढे केला. "मी फ्रुक्तुओसो. इथला राखणदार. या."

हात गरम होता, आणि इतका मऊ की माझ्या पकडीतून निसटला. मी घागऱ्याला हात पुसला. पुन्हा पुसला. बुळबुळीतपणा जाईना.

"दादा, पेट्रोल आहे का? अडलेली बाई आहे गाडीत."

त्यानं काचेतून आत वाकून बघितलं. बाईंकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आहे की. वाटसरूसाठीच ठेवतो आम्ही. दोन कॅन देतो."

"पैसे किती?"

"पैसे नकोत हो. तुमचे रिकामे कॅन मात्र ठेवून जा. भांडी कमी पडतात आम्हाला."

मी त्याच्यामागून शेडमध्ये गेले. अंसेल्मो बाईंपाशी थांबला. आत उबदार होतं. इतकं उबदार की घाम फुटला. एका बाजूला भट्टी धुमसत होती आणि तिला टेकून, अगदी टेकून, कॅनची रांग.

"अहो, आगीजवळ पेट्रोल!" मी ओरडलेच.

तो हसला. "हे तसं भडकत नाही, ताई. पण थंड झालं तर थिजतं."

तेवढ्यात डोळे अंधाराला सरावले. दुसऱ्या भिंतीशी लोखंडी खाटा होत्या. सहा. प्रत्येकीवर कांबळं, कांबळ्याखाली माणूस.

"कामगार आहेत," फ्रुक्तुओसो म्हणाला. "दमलेत. पडू दे त्यांना."

जवळच्या खाटेवरचं पाऊल उघडं होतं. मी मेलेली माणसं धुतली आहेत, आईला धुतलं, सासऱ्याला धुतलं. असं पाऊल बघितलं नव्हतं. नुसतं हाड, आणि हाडावरून कातडी लोंबत होती, घड्या घड्या, रिकाम्या पोत्यासारखी. हा माणूस कधीकाळी चांगला अंगानं भरलेला असणार. कांबळ्याची कड ओली होती, पिवळी. खाटेखाली एक उथळ पातेलं होतं. त्यात काय होतं ते मी बघितलं नाही. थेंब पडल्याचा आवाज मात्र ऐकला.

त्या माणसानं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओठ चिकटलेले, ते त्यानं हळूहळू सोडवले.

"किती लांब... जायचंय?"

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "उयुनीपर्यंत."

त्यानं जरा विचार केला. खरंच विचार केला, हिशेबी माणसासारखा. मग डोळे मिटले.

"पुरेल," तो म्हणाला.

मी तेव्हा विचारायला हवं होतं. तुम्ही कोण, कुठले, तुम्हाला इथे कुणी आणलं, चला आमच्याबरोबर... काहीतरी. पण बाहेर नोएलिया बाईंनी किंकाळी फोडली, आणि मी दोन कॅन उचलले. ते कोमट होते. मांडीला लागत होते तेव्हा कुणाच्या अंगाला अंग लागावं तसं वाटत होतं.

फ्रुक्तुओसोनं दारातून हात हलवला. आमचे दोन कॅन त्यानं आधीच आत नेले होते, फुटलेलासुद्धा.

एक वळण घेऊन, छावणी नजरेआड झाल्यावर थांबलो. त्या कॅनचं तोंड रुंद होतं, थेट ओतलं तर अर्धं सांडलं असतं. मग नेहमीची पद्धत. नळी घालायची आणि तोंडानं ओढायचं. अंसेल्मोनं टाकीच्या तोंडावर नरसाळं आणि गाळणीला बायकी मोजा धरला. नळी मी तोंडात घेतली.

पेट्रोल ओढण्यात हयात गेली माझी. ते जवळ आलं की कळतं, जीभ झोंबते, लगेच तोंड काढायचं. हे झोंबलंच नाही. गुपचूप आलं आणि तोंड भरून गेलं. कोमट. दाट. टाळूला जाऊन चिकटलं, दातांच्या फटींत बसलं, जिभेखाली साचलं. जरासं खारट. ओकारी यायच्या आतच एक घोट घशाखाली उतरला.

मी गुडघ्यांवर बसले, बोटं घातली, मातीनं जीभ खरवडली. पण ओकारी आली नाही. आणि हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते, आज बोलते. ओकारी आली नाही, कारण ते चवीला चांगलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि माझं पोट म्हणत होतं, अजून. मी ओठ चाटले. मला कळायच्या आत चाटले.

मान वर केली तर अंसेल्मो मोजा झटकत होता, माझ्याकडे पाठ करून. तरी मला दिसलं. करपलेल्या कुरकुरीत तुकड्यांचा चोथा होता मोज्यात, दोन-तीन आखूड काळे केस, आणि चंद्रकोरीसारखं काहीतरी, अर्धपारदर्शक. नखं कापल्यावर पडतं तसं.

"काय होतं?"

"कचरा."

"अंसेल्मो..."

"कचरा होता म्हणतोय ना! बस गाडीत." त्याचा आवाज फाटला होता. मग हळू म्हणाला, "हे चालणार नाही, प्रिमी. ही चरबी आहे. फिल्टरमध्ये थिजेल. इंजिन आत्ता बंद पडेल बघ."

इंजिन बंद पडलं नाही. इतकं चांगलं ती गाडी नवी असतानाही चालली नव्हती. चढावर मी गिअर बदलला नाही. आवाजसुद्धा वेगळा, घरघर नाही, भरल्या पोटी कुणी घोरावं तसा. आणि मागे सायलेन्सरमधून तसाच पिवळा धूर, आणि धुराचा वास. रविवारच्या बाजारात कढईत डुकराचं मांस तळतात, तसा.

नोएलिया बाई ग्लानीत पडल्या होत्या. सकाळपासून त्यांना पाण्याचा घोट टिकत नव्हता. एकदम म्हणाल्या, "कोण तळतंय हो?"

मी गाडी आणखी जोरात घेतली.

"ताई, थोडं द्या ना मला. किती छान वास येतोय... भूक लागली हो." आणि त्या अंसेल्मोच्या मांडीवरून मान वळवून मागच्या दाराच्या फटीशी नाक नेऊन वास घ्यायला लागल्या. लहान मुलासारख्या, डोळे मिटून.

मी खिडकी उघडली. उणे कितीतरी असेल बाहेर. उघडीच ठेवली, थेट दवाखान्यापर्यंत.

चार वाजता पोचलो. पोट चिरून मूल काढलं. मुलगी. दोघी वाचल्या. बाईंनी तिचं नाव माझ्यावरून ठेवलं; मी नको नको म्हणत होते. आज ती सहा वर्षांची आहे, गोरीगोमटी, गुबगुबीत. तिला बघितलं की माझे हात आपोआप मागे जातात. तिच्या गालाला कधी हात लावलेला नाही मी.

उरलेला दुसरा कॅन आम्ही गावाबाहेर, रुळांच्या पलीकडे नेऊन ओतला. जमिनीवर पडताच ते पांढरं झालं, थिजलं. सकाळी बघायला गेलो तर कुत्री जमली होती. गावातली सगळी, साठ-सत्तर. आमची कुत्री मेलेल्या लामाचं हाडसुद्धा सोडत नाहीत. पण ती लांब गोल करून बसली होती, शेपट्या पोटाशी घेऊन. एकही पुढे जात नव्हतं, एकही भुंकत नव्हतं.

आठवड्यानं मला राहवेना. भावाची गाडी घेतली, अंसेल्मोला घेतलं, दोन पोलीसही घेतले, आणि छावणीवर गेलो. शेड होती. खाटा होत्या, सहाच्या सहा. गाद्यांवर माणसाच्या आकाराचे तेलकट डाग, बोटांपर्यंत स्पष्ट. भट्टी थंडगार. माणूस नाही, राखणदार नाही, कॅन नाही. पोलिसांनी आसपासच्या अकरा गावांत चौकशी केली. कुठूनच कुणी हरवलेलं नव्हतं. सगळी माणसं आपापल्या घरी होती. पोलीस म्हणाले, ताई, हरवलेला माणूसच नाही तर शोधायचं कुणाला? ते बरोबर बोलत होते. आणि मी त्या माणसाशी बोलले होते.

जीपची टाकी अंसेल्मोनं खाली उतरवली. उकळत्या पाण्यानं धुतली, सोड्यानं धुतली, राखेनं घासली, तोंड उघडं ठेवून अंगणात उन्हात वाळवली. तिसऱ्या दिवशी तळाशी वाटीभर चरबी होती. परत धुतली. परत आली. पत्र्यालाच घाम फुटल्यासारखी. एकदा मी त्याला टाकीपाशी उकिडवा बसलेला बघितला, बोट तोंडात. मला बघून दचकला. "गरम आहे गं," एवढंच म्हणाला. बाहेर बादलीतलं पाणी दगडासारखं गोठलेलं होतं.

मग टाकीचं तोंड आम्ही वेल्डिंग करून बंद केलं आणि ती घरामागच्या परसात कमरेइतक्या खड्ड्यात पुरली. गाडीला नवी टाकी बसवली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, मी माझ्या रीतीनं कोकाची पानं आणि दारू वाहिली. त्यानंतर गाडीला काही झालं नाही. मलाही काही झालं नाही. मांस तेवढं सोडलं.

परसात मात्र एक आहे. आमच्याकडे जून ते ऑगस्ट रोज सकाळी जमीन दहिवरानं पांढरी होते. टाकी पुरली त्या जागेवर दहिवर धरत नाही. तेवढी माती काळी आणि ओलसर राहते. टाकी होती हातभर लांब, हातभर रुंद. तो काळा पट्टा पुरुषभर लांब आहे आणि वीतभर जास्त. एका टोकाला निमुळता. आम्ही तिकडे जात नाही, बघत नाही, बोलत नाही. पाच हिवाळे असेच गेले.

यंदा पहिल्या दहिवराला मी मागचं दार उघडलं, तर त्याच्या शेजारी दुसरा पट्टा होता. पहिल्यापेक्षा आखूड.

अंसेल्मोनंही बघितला असणार.  परवा दुपारी मी जरा आडवी झाले होते, डोळे अर्धवट मिटून, झोप लागलेली नव्हती. तो पाय न वाजवता आत आला. त्याच्या हातात मापाची गाठ मारलेली सुतळी होती, तिला परसातल्या मातीचा वास येत होता. त्यानं ती माझ्या डोक्यापासून धरली... आणि हळूच, माझ्या अंगाला लागणार नाही अशा बेतानं, टाचेपर्यंत नेली.

गाठ बरोबर टाचेपाशी आली.